उजवी कळी

आमच्या लॅबमध्ये मला पाठीमागे 'फेल मॅडम' म्हणतात. समोर म्हणायची हिंमत नाही, समोर "मॅडम, चहा घेणार का" असतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत मी गोळ्या तपासते. तयार मालातून नमुना येतो, आम्ही तो यंत्राला लावतो आणि पास की फेल ते सांगतो. पास सांगितलं तर कुणी थँक्यूसुद्धा म्हणत नाही. फेल सांगितलं की सगळ्यांचे चेहरे असे होतात, जणू गोळी मीच बिघडवली.

मग प्रॉडक्शनच्या साहेबांचं ठरलेलं वाक्य येतं. "मॅडम, परत लावा ना."

या वाक्याचा मला इतका राग आहे की विचारू नका. अरे, परत लावते, पण पहिल्या निकालाचं काय करू? लोणचं घालू? एकदा फेल आणि एकदा पास आलं म्हणजे गोळी पास झाली असं होत नाही. आपल्याला अजून नीट कळलेलं नाही, एवढंच होतं. आणि गंमत म्हणजे, पास आलं की सगळे थांबतात. पास आल्यावर आजवर एक माणूस म्हणाला नाही की मॅडम, मला शंका आहे, परत लावा. शंका येते ती फक्त नको ते उत्तर आल्यावर. मी सगळ्यांना एकच सांगते, पहिला निकाल का फेकायचा त्याचं कारण द्या, मग लावते.

मागच्या वर्षी पावसाळ्यात ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा असाच वाद झाला. नमुन्यातली एक गोळी ठरल्या वेळात पाण्यात विरघळली नाही, भांड्याच्या तळाशी खड्यासारखी बसून राहिली. साहेब म्हणाले, तुमच्या लॅबमधल्या मुलीनं पाणी नीट तापवलं नसेल. मी म्हटलं, दाखवा. दाखवता येईना. दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. शेवटी सापडलं, गोळ्या दाबायच्या मशीनचा दाब जास्त बसला होता आणि त्या दिवशीच्या बऱ्याच गोळ्या दगड झाल्या होत्या. सगळा माल अडवला. त्या संध्याकाळी मी फार खुशीत घरी गेले. आपण लोकांच्या डोक्यातला गोंधळ बरोबर ओळखतो, असा मला तेव्हा माज होता. तो माज पुढे माझ्याच घरात उतरला.

माझं माहेर बाळकुमचं. आमची जमीन होती, त्याआधी आजोबा मिठागरावर होते. आता जमिनीवर टॉवर आहेत आणि टॉवरच्या मागे आमचं घर आहे, दुमजली, हिरव्या रंगाचं. तिथे आई, टँकर चालवणारा दादा, वहिनी आणि दादाची मुलगी. मी लग्नानंतर डोंबिवलीची झाले, पण दर रविवारी खाडीवरच्या नव्या पुलावरून बाळकुमला जाते. आई आमची धवलारीण. आमच्याकडे लग्नाला भटजी येतो, पण त्याच्याआधी धवलारीण लागते. हळदीपासून ती लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणते आणि तिने म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी लेकी आईच्या आवाजावर सासरी गेल्या. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता हो. मोठा होता, जरा खरखरीत, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली म्हातारीसुद्धा तो ऐकून पदर डोळ्याला लावायची.

लग्नसराई संपली की आईचा आवाज बसायचा. दरवर्षीचंच ते. महिनाभर ती खुणा करून बोलायची, आम्ही हसायचो, मग हळूहळू आवाज यायचा. त्या वर्षीही बसला. पण आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती आले, आरतीला आई उभी राहिली आणि तिच्या तोंडातून नुसती हवा आली. मी टाळ थांबवला.

"आई, दाखवूया कुणाला तरी."

"दरवरसाला बसतंय, दरवरसाला येतंय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "नवीन काय हाय त्यान?"

नवीन हेच होतं की या वर्षी आला नव्हता. पण आधीची सगळी वर्षं तिच्या बाजूने उभी होती आणि माझ्या बाजूला एकटं हे वर्ष. आई रोज दातांना लावते त्या मशेरीचा, भाजलेल्या तंबाखूचा, विषय मी काढला तर वहिनी म्हणाली, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या मशेरी लावतात, सगळ्या ठणठणीत आहेत. मी म्हटलं, वहिनी, ज्या ठणठणीत नव्हत्या त्या आता सांगायला कशा येतील? वहिनीने ताट आपटलं. सणासुदीला मरणाचं बोलते म्हणून दादाही माझ्यावर चिडला.

तरी विसर्जन झाल्यावर मी आईला जवळजवळ ओढतच नौपाड्याला नेलं. तिथे एक घशाचे डॉक्टर आहेत, वयस्कर, हळू आवाजात स्वच्छ पुणेरी मराठी बोलणारे. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण आत घातली, बराच वेळ पडद्यावर पाहत राहिले आणि मग मला आणि दादाला समोर बसवलं.

"आवाजाच्या पट्टीवर एक पांढरा डाग आहे," ते म्हणाले. "मला तो आवडलेला नाही. लहानसा तुकडा काढून तपासायला हवा. कॅन्सर नसेल तर प्रश्नच मिटला. असेल, तर आत्ता लवकर आहे, रेडिएशनवर भागेल आणि आवाज वाचेल. वेळ घालवला तर मात्र आवाजाची पेटी काढावी लागते."

"पेटी काढली की?" दादाने विचारलं.

"मग त्या बोलणार नाहीत."

आई बाहेर बाकावर बसून कुणाच्या तरी बाळाला खेळवत होती. रिक्षात दादा आईचा हात धरून बसला. मला वाटलं, पटलं त्याला. कसलं काय! चार दिवसांनी त्याचा फोन आला, आवाज एकदम हलका. माजिवड्याला त्याच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे, त्याला दाखवलं. त्याने टॉर्च मारून घसा पाहिला आणि सांगितलं की ॲसिडिटी आहे, मसाला कमी करा. त्या आनंदात दादाने येताना आईला मिसळ खाऊ घातली होती.

मी रविवारी गेले ती भांडायलाच.

"टॉर्चने घशाच्या दारापर्यंतच दिसतं, दादा. डाग आत आहे. दारातून डोकावून घरात चोर नाही असं कसं सांगतो हा माणूस?"

"तो पण डॉक्टरच आहे."

"तुझ्या टँकरचा ब्रेक वाजला तर काय करतोस? गॅरेजं फिरत बसतोस का, कुणीतरी 'काही नाही, पळव' म्हणेपर्यंत?"

"गाडी आणि आई एक आहे का गं तुला?" तो ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचे डोळे भरले. मग मला कळलं की याला सगळं कळतंय. याला नौपाड्याच्या डॉक्टरांचं पटलेलं नाही असं नाहीच, ते पटलंय म्हणूनच हा दुसरीकडे पळाला. त्यात मुलीचं लग्न माघातलं ठरलेलं. नातीचे धवले आईनेच म्हणायचे, हे तर ती पोर पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. तुकडा काढला आणि आवाज आणखी गेला तर? या 'तर'पाशी सगळं घर येऊन अडकलं होतं.

शेवटी आईनेच तोड काढली. "गावदेवीला इचारू. ती सांगल तसा करू."

आमच्याकडे अडलं की देवीला कौल लावतात. देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला एकेक ओली कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी विरोध केला नाही. खरं सांगते, मी मनातल्या मनात हिशेब केला की देवी 'हो' म्हणाली तर हे लोक मुकाट्याने तुकडा काढायला येतील, जे माझ्याने झालं नाही ते तिच्याने होईल.

मंगळवारी सकाळी आम्ही देवळात बसलो. ऊन तापलेलं, आत पंखा चालू. पुजाऱ्याने कळ्या पाण्यात बुडवून लावल्या आणि दादाने हात जोडून विचारलं, "आईच्या घशाचा तुकडा काढू का?"

उजवी कळी टपकन पडली.

मला रडू फुटलं. मी देवीपुढे डोकं टेकलं, पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नंबर लावते म्हणाले. मग दादाचा आवाज आला.

"परत लावा."

मी मान वर केली. क्षणभर वाटलं, मी लॅबमध्ये आहे.

"का परत? कारण काय?"

पुजाऱ्याने दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कळी जास्त ओली होती ताई. म्हणून लगेच पडली."

तुम्हाला सांगते, आमचे साहेब यापेक्षा वेगळं काही बोलले नसते. दुसऱ्यांदा कळ्या निथळून लावल्या. जरा वेळ लागला, पण पडली उजवीच. आता माझ्या अंगात बळ आलं. बघ, दादा, दोनदा सांगितलं देवीने! दादा खाली मान घालून बसला होता. थोड्या वेळाने त्याने परत हात जोडले आणि प्रश्नच बदलला.

"माझ्या पोरीचं लगीन उरकून मग तुकडा काढला, तर चालेल ना?"

उजवी कळी पडली.

वहिनीने "आई गावदेवी" म्हणून नमस्कार केला. आईचा चेहरा उजळला. आणि तेव्हा, फक्त तेव्हा, मला तो पंखा दिसला. तो उजव्या भिंतीवर होता, देवीच्या उजव्या खांद्यावर त्याचा सरळ वारा लागत होता. काहीही विचारलं असतं तरी उजवीच पडली असती. मी उठून तसं बोलले. पंखा बंद करा आणि लावा, मग बघा.

"देवीम्होरं तुजी फॅक्टरी नको लावू, बाय," आई म्हणाली. इतक्या तुटक आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

दादा मात्र शांतपणे म्हणाला, "पहिल्यांदा पडली तेव्हा पंखा नव्हता का?"

होता की पंखा. पहिल्यांदा पडली तेव्हा मी डोकं टेकून रडत होते, माझ्या मनासारखं आलं होतं, मी कशाला भिंतीकडे बघते? इतकी वर्षं लोकांना पढवलं की आवडीच्या निकालावर आधी शंका घ्या, आणि माझी पाळी आली तेव्हा मी देवीचा शब्द घेऊन मोकळी झाले. दादाने मला बरोबर पकडलं होतं आणि तरीही चूक त्याचीच होती. माझं गणित कच्चं निघालं म्हणून आईच्या घशातला डाग काही पुसला जाणार नव्हता. पण हे त्या देवळात कुणाला समजावणार? लग्न आधी, असं ठरलं.

मधल्या महिन्यांत मी काय नाही केलं! नौपाड्याच्या डॉक्टरांना फोन जोडून दिला, आईने हातात घेतला नाही. वहिनीला एकटीला गाठून रडले. घरी जाणं बंद करीन अशी धमकी दिली आणि पुढच्याच रविवारी गेले. मध्ये आठ दिवस आईचा आवाज जरा मोकळा वाटला, तर दादाने मला मुद्दाम फोन करून ऐकवला. ज्या दिवशी आवाज बंद असायचा त्या दिवशी मात्र त्याचा फोन येत नसे.

माघात लग्न झालं. टॉवरमागच्या मैदानात मांडव घातला होता. आई नऊवारी नेसून नातीच्या शेजारी बसली, डोळे मिटले आणि पहिला धवला धरला. आवाज निघाला, नाही असं नाही. फाटका, मध्येच तुटणारा, वर चढताना नुसतीच शीळ. बायकांनी पटापट उचलून घेतलं, त्यांच्या आवाजात तिचा झाकला गेला. लोक म्हणाले, म्हातारीने शब्द पाळला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. एका बाजूला गाठ आली होती आणि ती प्रत्येक ओळीला वरखाली होत होती. दादाही तिकडेच बघत होता. आमची नजरानजर झाली आणि त्याने मान फिरवली.

होळीच्या आसपास तिला जिना चढताना दम लागायला लागला, श्वासाला आवाज येऊ लागला. मग कुणी कुणाला विचारलं नाही. दादानेच गाडी काढली. नौपाड्याच्या डॉक्टरांनी 'इतके दिवस कुठे होतात' असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुकडा काढला, रिपोर्ट आला, त्यांनी तो आमच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की कॅन्सर आहे, पसरलेला आहे आणि आता पेटी काढण्याशिवाय मार्ग नाही. या खेपेला आईही आत बसली होती.

मी तो कागद वाचला. असले कागद वाचणं हेच माझं काम. एकेक शब्द मला समजत होता. आणि मी स्वतःचा आवाज ऐकला.

"डॉक्टर, नमुन्यात काही गडबड झाली असेल. दुसऱ्या लॅबमध्ये परत तपासून घेऊया का?"

डॉक्टर म्हणाले, जरूर घ्या, बरेच लोक घेतात, स्लाइड देतो मी. ते बरोबरच होतं, दुसरं मत घेण्यात काही चूक नाही. पण मी त्यासाठी म्हणत नव्हते, हे मला ठाऊक होतं. तिथून 'कॅन्सर नाही' असं आलं असतं तर मी तिसरीकडे नेली असती का? छट्! मी तो कागद छातीशी धरून पेढे वाटत सुटले असते.

आईने माझ्या मांडीवर हात ठेवला. श्वास गोळा करायला तिला वेळ लागला.

"बाय," ती म्हणाली, "आता तूपन कली लावतंस?"

दादा भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. डॉक्टरांना काही कळलं नाही, आणि आम्ही कुणी सांगितलंही नाही. मी तरी स्लाइड नेल्या. दुसऱ्या लॅबने तेच लिहिलं, अक्षरही बदललं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सगळे आईभोवती बसलो होतो, ती काय बोलते याची वाट बघत. तिला आमचं वाट बघणंच नको झालं होतं. तिने वहिनीला विचारलं, दारातल्या तुळशीला पाणी घातलं का. वहिनी हो म्हणाली. त्यानंतर आई काही बोलली नाही, आणि आता बोलणार नाही.

तिच्या गळ्याला आता एक भोक आहे, त्यावर ती पांढरा रुमाल बांधते. दादा दर मंगळवारी देवळात जातो, हात जोडतो, पण काही विचारत नाही. तो पंखा अजून तिथेच आहे. मी कंपनीत अजूनही पहिला निकाल फेकू देत नाही, फक्त आता भांडत नाही. साहेब म्हणतात, मॅडम शांत झाल्या. होय, झाले. 'परत लावा' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे मी हल्ली बघते आणि मला वाटतं, याला कशाची भीती वाटत असेल?

यंदाची लग्नं सुरू झालीत. गावातल्या बायका दुपारी आमच्या पडवीत येऊन बसतात, धवले शिकायला. दुसरं कुणी उरलेलं नाही सांगायला. वहिनी पुढे बसते. ओळ धरतात, मध्येच चाल घसरते, आणि आई हात वर करते. बोट हवेत गोल फिरवते. परत. त्या परत म्हणतात. पुन्हा बोट फिरतं. परत. परवा मी तिथेच बसले होते. चौथ्या की पाचव्या वेळी शब्द जुळले, चाल जुळली, बायका दमून खूश होऊन आईकडे बघायला लागल्या. चूक काहीच नव्हती. आई त्यांच्याकडे बघत राहिली, कान लावून, कितीतरी वेळ. मग तिने परत बोट फिरवलं.